छातीत गाठ, अंगात ताप, आणि दूध पाजायचं की नाही?

(हे आपल्या ऑडिओ भागाचं लेखी रूप. बोलताना झालेले "म्हणजे", "अं" कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना रात्री बाळ झोपल्यावर आवाज न करता वाचायचं असतं, त्यांच्यासाठी खास.)

आजचा विषय ऐकून काही मुलं म्हणतील, "हे आमच्यासाठी नाही, पुढचा भाग लावू." थांबा. मीही मुलगाच आहे. पण मी मामा झालो, आणि मामा झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात जे बघितलं त्यावरून सांगतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. कारण त्या रात्री ताई तापाने फणफणत होती आणि निर्णय आम्ही घेत होतो.

झालं असं. ताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सांगलीजवळच्या आमच्या गावी. बाळ एकवीस-बावीस दिवसांचं. संध्याकाळी ताई म्हणाली, "डाव्या बाजूला ठणकतंय." रात्री नऊला हुडहुडी भरली, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. ताप १०२. छातीचा एक भाग लाल, गरम आणि दगडासारखा घट्ट.

आजीने हात लावून बघितलं आणि म्हणाली, "दगडी झालीय गं पोरीला."

ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना कळलं असेल. गाई-म्हशीच्या कासेला सूज येते, सड कडक होतो, त्याला आपल्याकडे दगडी म्हणतात. आजीने गाईचा आजार नातीला लावला म्हणून आम्ही तेव्हा हसलो. पण आजी बरोबर होती. डॉक्टरी भाषेत दोन्हीचं नाव एकच आहे, मॅस्टायटिस. मराठीत स्तनदाह.

गोंधळ पुढे झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दूध नासलंय, बाळाला देऊ नका, पिळून टाकून द्या." आई म्हणाली, "गरम शेक दे आणि जोरात चोळ, गाठ फुटेल." फॅमिली ग्रुपवर तोपर्यंत तीन व्हिडिओ आले होते, तिन्हींत वेगवेगळं. आणि बाळ भुकेने रडत होतं. ताईने माझ्याकडे बघून विचारलं, "पाजू का रे? त्याला काही होणार नाही ना?"

मला उत्तर माहीत नव्हतं. आज माहीत आहे, म्हणून हा भाग.

आधी आत काय असतं ते बघू

आपल्याला वाटतं छातीत दुधाची टाकी असते. भरली की जड, रिकामी केली की हलकी. गाईच्या कासेत खरंच तशी जागा असते, सडाच्या वर दूध साठतं. माणसाच्या छातीत तशी टाकी नाही. तिथे असतात अगदी बारीक पिशव्या, द्राक्षांच्या घडासारख्या. त्यांच्या भिंतींतल्या पेशी रक्तातून कच्चा माल घेऊन दूध बनवतात. त्या पिशव्यांतून बारीक नळ्या निघतात, एकमेकींना मिळत मिळत निप्पलपर्यंत येतात. बाळ ओढायला लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, पिशव्या आवळतात आणि दूध पुढे ढकललं जातं. आपण ज्याला पान्हा फुटणं म्हणतो ते हेच.

या पिशव्या आणि नळ्यांच्या अवतीभवती रक्तवाहिन्या असतात, चरबी असते आणि लसिका असते, म्हणजे पेशींमधलं जास्तीचं पाणी परत वाहून नेणारी यंत्रणा.

आता समजा दूध जितकं बनतंय तितकं निघत नाहीये. बाळाने नीट तोंड धरलं नाही, दोन पाजण्यांमध्ये फार अंतर पडलं, ब्रा घट्ट होती, किंवा पंप लावून लावून गरजेपेक्षा जास्त दूध बनायला लागलं. पिशव्या ताणल्या जातात. आजूबाजूला सूज येते. सुजेमुळे नळ्या बाहेरून दाबल्या जातात आणि अरुंद होतात. मग दूध आणखी निघत नाही, सूज आणखी वाढते.

आपण म्हणतो "दूध साकळलं, गाठ झाली." डोळ्यापुढे चित्र येतं ते नळीत बूच बसल्याचं. पण बहुतेक वेळा नळीत बूच नसतं. नळी बाहेरून चेपलेली असते. हा फरक लक्षात ठेवा, उपाय त्यावरच ठरतो.

सूज म्हणजे जंतूच, असं नाही

दुसरा गैरसमज हा की ताप आला म्हणजे जंतुसंसर्गच. स्तनदाहाच्या पायऱ्या असतात. पहिली, फक्त दाटणं आणि एक दुखरी जागा. दुसरी, लाली, ताप, हुडहुडी, अंगदुखी. इथे सूज जोरात असते, पण जंतू असतीलच असं नाही. तिसरी, जंतू वाढतात आणि खरा संसर्ग होतो. आणि कधीकधी चौथी, पू साठून गळू होतं.

संसर्ग झाला तर त्यात बहुतेक वेळा सापडतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हा जंतू अनेकांच्या त्वचेवर आणि नाकात एरवीही राहतो. निप्पलला चीर पडली असेल तर आत शिरायला त्याला वाट मिळते.

हा त्रास पहिल्या काही आठवड्यांत जास्त होतो, कारण तेव्हा बाळही शिकत असतं आणि आईही. पण नंतर कधीही होऊ शकतो. बाळ पहिल्यांदा रात्रभर सलग झोपलं, आई कामावर परत गेली, लग्नाच्या गडबडीत दोन वेळा पाजणं राहिलं, अशा वेळी हमखास.

आता मुख्य प्रश्न : दुधात काय बदलतं?

काकूंचं "दूध नासलंय" हे वाक्य घेऊ. दूध बदलतं का? हो, बदलतं. नासतं का? नाही.

पहिला बदल, चव. दूध खारट होतं.

दूध बनवणाऱ्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असतात, विटांच्या भिंतीसारख्या. मधल्या फटी बंद असतात, त्यामुळे रक्तातलं मीठ दुधात सहज येत नाही. रक्तात सोडियम आईच्या दुधाच्या जवळजवळ वीसपट असतं, म्हणजे भिंतीच्या एका बाजूला खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला गोड दूध. सूज आली की फटी उघडतात. मीठ आत येतं, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज कमी होतं. म्हणून काही बाळं त्या बाजूला तोंड लावून लगेच सोडतात. आई घाबरते, "बघ, त्यालाही कळलं दूध खराब आहे." त्याला एवढंच कळलंय की आजची चव वेगळी आहे. सूज उतरली की चव परत येते.

गंमत बघा, डेअरीत हीच गोष्ट रोज वापरली जाते. मीठ वाढलं की दुधातून वीज जास्त सहज वाहते, म्हणून आधुनिक दूध काढणी यंत्रं विजेवरून ओळखतात की कोणत्या सडाला दगडी होऊ घातलीय. आजीचा गोठा आणि ताईची खोली, नियम एकच.

आणखी एक. बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस, चिकाच्या वेळी, या फटी सगळ्याच आयांमध्ये उघड्या असतात. चीकही खारटसर असतो. म्हणजे सुजेत दूध काही बाबतींत पुन्हा चिकासारखं व्हायला लागतं.

दुसरा बदल, सैनिक. आईच्या दुधात जिवंत पेशी असतात. हो, जिवंत! त्यात आईच्या पांढऱ्या पेशीही असतात. आई आणि बाळ दोघं ठणठणीत असतील तर, चिकाचे दिवस संपल्यावर, दुधातल्या एकूण पेशींपैकी पांढऱ्या पेशी फार थोड्या असतात. ऑस्ट्रेलियात पर्थच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे मोजून दाखवलं. निरोगी असताना शून्य ते दोन टक्के. आईला संसर्ग झाल्यावर हेच प्रमाण काहींमध्ये ९४ टक्क्यांपर्यंत गेलं! आणि बरं वाटल्यावर पुन्हा खाली आलं.

त्याच अभ्यासातला मला सगळ्यात आवडलेला भाग सांगतो. आई ठीक होती, फक्त बाळ आजारी होतं, तरीही दुधातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. आईच्या शरीराला कसं कळलं? एक तर्क असा आहे की ओढताना बाळाची थोडी लाळ नळ्यांत मागे जाते आणि तिच्यासोबत बाळाच्या तोंडातले जंतूही. दुसरी शक्यता साधी आहे, दोघं दिवसभर एकमेकांना चिकटून असतात, जंतू दोघांनाही भेटतात. हे तर्क आहेत, शेवटचा शब्द नाही.

तिसरा बदल, हत्यारं. दुधात नेहमीच काही संरक्षक प्रथिनं असतात, सुजेत त्यांतली काही वाढतात. तीन नावं लक्षात ठेवा.

लॅक्टोफेरिन. जंतूंना वाढायला लोह लागतं. हे प्रथिन लोह धरून ठेवतं, जंतूचं रेशन बंद.

लायसोझाइम. हे जंतूंची भिंत फोडतं. आपल्या अश्रूंतही असतं. पेनिसिलिनवाले अलेक्झांडर फ्लेमिंग, त्यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मध्ये हे शोधलं होतं.

आणि स्रावी आयजीए, म्हणजे अँटिबॉडी. आईच्या आतड्यात किंवा श्वासनलिकेत एखादा जंतू आला की तिथे तयार झालेल्या पेशी प्रवास करून छातीत येतात आणि नेमक्या त्याच जंतूविरुद्धची अँटिबॉडी दुधात सोडतात. ती बाळाच्या घशात आणि आतड्यात अस्तरासारखी राहते, जंतूला चिकटू देत नाही. म्हणजे आई ज्या घरात राहते, ज्या गावचं पाणी पिते, तिथल्या जंतूंची ओळख बाळाला दुधातून मिळते. डब्यातल्या पावडरीला आपलं गाव माहीत नसतं.

आता ताईच्या प्रश्नाकडे या. "पाजू का?" बाळ पूर्ण दिवसांचं आणि निरोगी असेल तर उत्तर आहे, हो. जो जंतू आईच्या त्वचेवर आहे, तो बाळाला आधीच भेटलेला असतो. आणि ज्या दुधात तो थोडा आलाय, त्यातच त्याला आवरणारं सगळं सामानही आलंय.

उलट एकदम पाजणं बंद केलं तर दूध आत अडकतं, सूज वाढते आणि गळू होण्याचा धोका वाढतो. काकूंचा सल्ला प्रेमाचा होता, पण उलटा पडला असता.

मग करायचं काय?

आता आईचा सल्ला. गरम शेक, जोरात चोळणं, "सगळं काढून रिकामं कर." खरं सांगू? काही वर्षांपूर्वीपर्यंत डॉक्टरही साधारण हेच सांगायचे. २०२२ मध्ये स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने, आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली. कारण आपण वर बघितलं तेच. नळीत बूच नाही, बाहेरून सूज आहे. सुजलेल्या घोट्याला आपण लाटण्याने लाटतो का? नाही ना. मग इथे का?

एक, बाळाला नेहमीसारखं मागेल तसं पाजा. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं, तेवढं पुरे. दुखऱ्या बाजूलाही पाजा. फार दुखत असेल तर आधी दुसऱ्या बाजूने सुरू करा.

दोन, पंप लावून पूर्ण रिकामं करायच्या मागे लागू नका. जितकं काढाल तितकं शरीर जास्त बनवेल. बाळ धरतच नसेल किंवा फार ताण आला असेल तर आराम पडेल इतकंच हाताने काढा.

तीन, थंड शेक. ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, दिवसातून बऱ्याच वेळा. पाजण्याआधी थोडं कोमट फडकं बरं वाटत असेल तर ठीक, पण चटके देणारा शेक नको.

चार, जोरात चोळणं पूर्ण बंद. हात फिरवायचाच असेल तर बाळाच्या टाळूवर तेल लावतो तितका हलका, आणि काखेच्या दिशेने. त्याने लसिकेतलं पाणी सरकायला मदत होते.

पाच, औषध. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही दोन्ही पाजणाऱ्या आईला चालणारी औषधं आहेत, आयबुप्रोफेन सूजही कमी करतं. पण दोन गोष्टी. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन नको. आणि आपल्याकडे पावसाळ्यात ताप म्हणजे डेंग्यूही असू शकतो, डेंग्यूत आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा डॉक्टरांनी बघेपर्यंत पॅरासिटामॉलच बरं.

सहा, झोप आणि पाणी. हे आईने एकटीने करायचं काम नाही. याची जबाबदारी बाकीच्या घराची.

डॉक्टरकडे कधी?

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

चोवीस तासांत उतार पडत नसेल. ताप १०१ च्या वर राहत असेल. निप्पलला चीर आहे आणि तिथून पू येतोय. गाठीत पाणी हलल्यासारखं लागतंय. दोन्ही बाजूंना एकदम झालंय. किंवा आईला चक्कर, धाप, बडबड, फार मरगळ आहे. यातलं शेवटचं असेल तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

जंतुसंसर्ग असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक देतील. या आजारात नेहमी दिली जाणारी बरीच अँटिबायोटिक्स चालू असताना पाजता येतं, फक्त "मी पाजते" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कोर्स पूर्ण करा. आणि मेडिकलवाल्याकडून "मागच्या वेळचीच गोळी द्या" असं अजिबात नको. जिथे संसर्गच नाही तिथे अँटिबायोटिकचा फायदा शून्य.

गळू झालंच तर सोनोग्राफीत दिसतं. बऱ्याचदा सुईने पू काढून भागतं, आणि त्यानंतरही बहुतेक आयांना पाजता येतं. आणि औषध घेऊनही लाली, कडकपणा जात नसेल तर पुन्हा तपासणी कराच. क्वचित त्यामागे वेगळा, गंभीर आजार असू शकतो.

काही अपवाद

बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं आणि अतिदक्षता विभागात असेल, तर तिथल्या डॉक्टरांना विचारूनच दूध द्या. आईला एचआयव्ही असेल तर स्तनदाहात दुधातलं विषाणूचं प्रमाण वाढतं, म्हणून तिने त्याच दिवशी आपल्या एआरटी केंद्राशी बोलावं.

आणि दूधदान करणाऱ्या आयांनी बरं होईपर्यंत थांबावं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी आपल्या मुंबईतच आहे, सायन रुग्णालयात, १९८९ पासून. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती सुरू केली. पेढीचं दूध दुसऱ्यांच्या नाजूक बाळांना जातं, म्हणून तिथे नियम कडक. स्वतःच्या बाळासाठी तोच नियम लावायचा नसतो.

हे एवढं महत्त्वाचं का?

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी ६३.७ टक्के बाळं फक्त आईच्या दुधावर होती. म्हणजे तीनातलं एक बाळ नव्हतं. कारणं अनेक, पण दुखणं आणि "माझं दूध खराब झालं" ही भीती त्यांत आहेच. एका रात्रीची भीती, आणि सहा महिन्यांचं दूध जातं.

कामावर जाणाऱ्या ताया-वहिनींसाठी अजून एक. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी मातृत्व रजा २६ आठवडे झाली, आणि कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्यांची तरतूद कायद्यात केलेली आहे. मॅनेजर मुलगा असेल आणि हे ऐकत असेल, तर भावा, ती मीटिंगमधून उठली तर डोळे वटारू नकोस. ती उशीर टाळतीये, आणि हा ताप पण.

त्या रात्री काय झालं?

आम्ही आमच्या डॉक्टर बाईंना फोन लावला. त्यांनी पहिलं वाक्य बोललं, "बाळाला आधी पाजा, मग माझ्याशी बोला."

ताईने घाबरत घाबरत पाजलं. बाळाने डाव्या बाजूला दोनदा तोंड वाकडं केलं, तिसऱ्यांदा प्यायलं. आईने बर्फ फडक्यात बांधला. मी रात्रभर बाळाला खांद्यावर घेऊन फिरलो, फक्त पाजायच्या वेळी ताईकडे द्यायचं. सकाळी दवाखान्यात दाखवलं. बाईंनी बाळ तोंड कसं धरतंय ते बघितलं आणि धरायची पद्धत बदलून दिली. खरी चूक तिथे होती. दोन दिवसांत ताप गेला, चार दिवसांत गाठ.

काकू पाचव्या दिवशी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. ताईने त्यांना शांतपणे सांगितलं, "काकू, दूध नासलं नव्हतं. उलट त्यात औषध आलं होतं." काकू म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी हे कुणी सांगितलंच नाही. मी थोरल्याचं दूध अशानेच तोडलं होतं."

कुणी सांगितलंच नाही. म्हणून, मंडळी, हा भाग तुमच्या फॅमिली ग्रुपवर टाका. ज्या घरात बाळ येणार आहे तिथे आधीच टाका, ताप आल्यावर नको.

हे सगळं माहितीसाठी आहे, तुमच्या तब्येतीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. गावात असाल तर आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवस घरी येत असतात, त्यांना लाजू नका, छाती दुखतेय हे पहिल्यांदा त्यांना सांगा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत स्वतःला जपा, आणि घरातल्या बाळंतिणीला थोडं झोपू द्या!